ज्युदोच्या गाद्या कोण उचलतं?

गादीवाला | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली. मी ज्युदो खेळत नाही, कधी खेळलोही नाही. लेक सात वर्षांची असताना तिला पश्चिम लंडनमधल्या आमच्या उपनगरातल्या क्लबात घातलं. पहिल्याच दिवशी बाहेर पाऊस होता, म्हणून गाडीत न थांबता आत बाकावर येऊन बसलो. तेवढ्यात एक बाई आल्या नि म्हणाल्या, "तुमचे हात रिकामे दिसतात, जरा ते टोक धरता का?" टोक गादीचं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली.

क्लब म्हणजे चर्चचा हॉल, मंगळवारी नि शुक्रवारी दोन-दोन तास भाड्याने घेतलेला. गाद्या ४०. प्रत्येक दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि भिंतीतल्या कपाटात उभ्या रचलेल्या. त्या काढायच्या, अजिबात फट न ठेवता लावायच्या (फटीत पायाचं बोट गेलं की मूल महिनाभर घरी), पुसायच्या, आणि दोन तासांनी पुन्हा आत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बालवाडी भरते.

त्या बाई आमच्या सेक्रेटरी. वय ७७. मुलगा इथे शिकला, मोठा झाला, ऑस्ट्रेलियाला गेला; बाई राहिल्याच. हजेरी, फी, हॉलचं भाडं, विमा, मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराची पेटी, सगळं त्यांच्याकडे. आता गुडघे बोलायला लागलेत. गेल्या शुक्रवारी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि किल्ली पुढे केली. मी म्हटलं, विचार करतो.

विचार करायचा म्हटलं की आपण वाचत बसतो, तसा बसलो. लंडनमध्ये 'बुडोकवाई' नावाचा क्लब आहे, युरोपातल्या सगळ्यात जुन्या ज्युदो क्लबांपैकी. २६ जानेवारी १९१८ ला व्हिक्टोरिया भागात, १५ लोअर ग्रोव्हनर प्लेस या पत्त्यावर सुरू झाला. महायुद्ध अजून चालू होतं. काढणारे गुंजी कोइझुमी. हा माणूस १९०६ साली वीजशास्त्र शिकायच्या इराद्याने इंग्लंडात उतरला होता आणि शेवटी पोटाला लावला लाखकामाचा धंदा. जपानी लाखेच्या वस्तूंमधला इतका जाणकार की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय त्यांचा सल्ला घ्यायचं. दिवसा लाख, संध्याकाळी ज्युदो. जागेची तजवीजही त्यांनी स्वतःच केली होती. गादीवरच्या शिकवणीपेक्षा मला ही जागेची गोष्टच जास्त मोठी वाटते. लंडनमध्ये भाडं भरणाऱ्याला कळेल.

मुख्य शिक्षक युकिओ तानी. १९ वर्षांचे असताना इथे आले, आणि मग कित्येक वर्षं नाटकगृहांच्या रंगमंचावर प्रेक्षकांतल्या धटिंगणांना आव्हान देऊन लोळवायचे. ठरलेली मिनिटं टिकलात तर पैसे तुमचे. उंचीने अगदी लहानखुरे, त्यामुळे तिकिटं खपायची. अशा तमाशातल्या माणसाने पुढे सगळा जन्म एका क्लबात नवशिक्यांना पडायला शिकवण्यात घालवला. १९३७ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरी ते येत राहिले आणि गादीच्या कडेला बसून शिकवत राहिले. १९५० साली वारले.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो १९२० मध्ये अँटवर्प ऑलिम्पिकला जाताना लंडनला थांबले. कोइझुमी आणि तानी दोघेही मुळात जुन्या जुजुत्सूचे, म्हणजे ज्युदो ज्यातून निघाला त्या जपानी झटापटीच्या विद्येचे. दोघांनी कानोंचा ज्युदो स्वीकारला, आणि कानोंनी त्यांना दुसरा 'दान' (काळ्या पट्ट्याची दुसरी श्रेणी) दिला. स्वतःच्या क्लबात, स्वतःच्या शिष्यांसमोर, पस्तिशी-चाळिशीत असताना दुसऱ्याची पद्धत मान्य करायची! आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांत हे कितीदा झालंय?

आणखी एक माणूस सांगतो, इथल्या मंडळींना आवडेल. ट्रेव्हर लेगेट. बीबीसीच्या जपानी विभागाचे प्रमुख. १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला तेव्हा टोकियोतच होते, तिथे स्थानबद्ध झाले. सुटल्यावर युद्धकाळात काही वर्षं भारतात होते. बुडोकवाईत ते अत्यंत कडक शिक्षक, होतकरू पोरांना जपानला धाडायचे. आणि हाच माणूस अद्वैताचा विद्यार्थी! हरिप्रसाद शास्त्रींचा शिष्य. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं योगसूत्रभाष्याचं विवरण त्यांनी इंग्रजीत आणलं.

१९५४ पासून क्लब गिल्स्टन रोडवर आहे. नील ॲडम्ससारखा १९८१ चा जगज्जेता तिथे घडला. विजेत्यांबद्दल वाचायला हवं तेवढं मिळतं. पण सगळं वाचून झाल्यावर माझा एकच प्रश्न उरला: १९१८ मध्ये गाद्या कोण लावत होतं? हजेरी कोण लिहीत होतं? त्याचा कुठे पत्ता नाही.

तर तुमच्याकडे, क्लबात, आखाड्यात, तालमीत, हे काम कोण करतं? आणि मी किल्ली घेऊ का?

लाल_माती | शनिवार, रात्री ११:४८

आयडी वाचून वाटलं कापूस पिंजणारे आहात. 😀

कोल्हापूरकर बोलतोय. आमच्याकडे गादी म्हटलं की महाराष्ट्र केसरीतला गादी विभाग, पण जीव मातीत. तालमीतल्या हौदाची माती म्हणजे नुसती माती नव्हे. चाळलेली तांबडी माती, त्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर. ती रोज खणावी लागते, नाहीतर दगड होते. आणि खणतं कोण? पोरंच. पहाटे खोरं हातात घेऊन हौद उकरायचा, तोच पहिला व्यायाम. आमच्याकडे सेक्रेटरी नसतो हो, खोरं असतं.

तुमची पोरं गाद्या का उचलत नाहीत?

गादीवाला | रविवार, सकाळी ८:०५

@लाल_माती, उचलतात की. मोठी मुलं दोघं-दोघं मिळून आणतात. लहानांना नुसती कोपऱ्यातून ढकलू देतो, म्हणजे त्यांना वाटतं आपणही लावली. पण परत ठेवायच्या वेळी आईबाप गाडीचा हॉर्न वाजवत असतात. लावायला बारा हात, काढायला चार.

मुक्काम_पोस्ट | रविवार, सकाळी ९:३०

वाचतोय. लेगेटांबद्दल वेगळा धागा काढा.

शेवंती | रविवार, दुपारी २:१५

मी जिल्ह्याच्या ठिकाणी राहते. मुलगी नवव्या वर्षापासून ज्युदोत आहे, आता कॉलेजात. तुमच्या बाईंचं वाचून डोळ्यांपुढे आमच्या क्लबातल्या चार-पाच आया उभ्या राहिल्या.

आमचे सर एका सरकारी खात्यात नोकरीला. सकाळी साडेपाचला मैदान, मग ऑफिस, मग संध्याकाळी पुन्हा क्लब. फी इतकी कमी की सांगायला लाज वाटते, आणि तीही निम्म्या मुलांकडून ते घेत नाहीत. पण सरांबरोबर जे बाकीचं लागतं ते सगळं आयांनी वाटून घेतलं होतं. सामन्यांना जायचं तर आदल्या दिवशी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. रेल्वेत आरक्षण नसलं की बॅगांवर मुलं झोपवायची. आणि सगळ्यात वाईट ते वजन! सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं म्हणून रात्री लेकीने घोटभर पाणी पिऊन झोपायचं, नि आपण तिच्यासमोर जेवायचं नाही. वजन झालं रे झालं की केळी, खजूर, पोहे, सगळं एकदम. आमच्या सरांनी मात्र पुढे नियमच केला, की लहान गटात कुणाचंही वजन उतरवायचं नाही, मूल ज्या गटात बसेल त्यात खेळेल. एक-दोन पदकं गेली असतील त्यापायी. मला तेव्हा राग आला होता, आता नाही येत.

आणि तो ड्रेस! कॉलर इतकी जाड की घरच्या मशीनची सुई मोडते. बगलेत उसवला की मी चपला शिवणाऱ्या दादांकडे न्यायचे. ते हसायचे, "ताई, हा सदरा आहे की ताडपत्री?" पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही, आणि ओला घातला की अंगाला पुरळ. त्यात वरच्या स्पर्धांना पांढरा एक आणि निळा एक, दोन लागतात. निळा कुणी काढला हो?

जुना_पट्टा | रविवार, सायंकाळी ६:२०

शेवंतीताई, निळ्याचा आग्रह डच खेळाडू अँटन गीसिंक यांचा. दोघेही पांढऱ्यात असले की पंचाला आणि टीव्हीवर बघणाऱ्याला कोण कुठला कळत नाही, म्हणून. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केला. जपान्यांना बरेच दिवस रुचला नव्हता. त्यातही गंमत अशी की १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ज्युदोच्या पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये, खुल्या गटात जपानच्या कामिनागाला जपानात हरवणारा हाच गीसिंक. आधी सुवर्ण नेलं, मग पांढरा रंग नेला.

गादीवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कानोंच्याच गोष्टीत आहे. १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी देवळात त्यांनी सुरुवात केली. जागा बारा तातामींची (तातामी म्हणजे जपानी चटई), विद्यार्थी नऊ. कानो स्वतः गाकुशुइन शाळेत मास्तर, तेव्हा २१-२२ वर्षांचे. पोरं आदळायची तेव्हा देवळाची जमीन हादरायची, भिक्षू वैतागायचे. मग कानो स्वतः रात्री दिवा घेऊन जमिनीखाली सरपटत जायचे आणि मोडलेल्या आडव्या तुळया दुरुस्त करायचे. तुम्ही गादीवर आहात. ते गादीच्या खाली होते.

शंकासुर | रविवार, रात्री ९:०२

सगळं छान छान चाललंय म्हणून एक खडा टाकतो.

माझ्या मुलाला ज्या क्लासात घातलं होतं तिथे दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा. परीक्षेची फी वेगळी, सर्टिफिकेटची वेगळी, पट्ट्याची वेगळी. दोन वर्षांत पोरगा चार रंग चढला आणि नीट पडायला काही शिकला नाही. दहावीला खेळाचे गुण मिळतील, पुढे नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे, हे गाजर दाखवून अर्धे पालक येतात. तिथे कुणी कानो नव्हता, सगळे दुकानदार होते. सेवाभाव वगैरे ठीक, पण हे दिसल्यावर कुठल्याही क्लबवर विश्वास कसा ठेवायचा?

जुना_पट्टा | रविवार, रात्री ९:४०

शंकासुर, बरोबर बोललात, आणि मला लाज वाटली. एक लक्षात घ्या, कानोंच्या मूळ पद्धतीत इतके रंग नव्हते. रंगांची ही उतरंड युरोपात वाढली, मुलांना हुरूप यावा म्हणून. हुरूप विकताही येतो, हे नंतर कळलं.

क्लास पारखायचा असेल तर एकच गोष्ट बघा. पहिले दोन-तीन महिने काय शिकवतात? 'उकेमी', म्हणजे पडणं, शिकवत असतील तर थांबा. मागे पडताना हनुवटी छातीला, हाताने गादीवर सपाटून मारायचं, डोकं टेकू द्यायचं नाही. हे कंटाळवाणं असतं. कंटाळवाणं शिकवायची ज्याची तयारी आहे त्याच्याकडे मूल द्या. पहिल्याच आठवड्यात फेक शिकवणारा पालकांसाठी शिकवतो.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ११:२५

अखेर माझा विषय आला!

मी एका क्रीडा मंडळाचा खजिनदार, बारा वर्षं. खेळाडू म्हणून शून्य. @शंकासुर, पट्ट्याच्या परीक्षेची फी कुठे जाते हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमच्याकडे दरवर्षी ताळेबंद फळ्यावर लावतो. कुणी वाचत नाही, तरी लावतो.

@गादीवाला, तुमच्या देशाचे नियम तुम्हाला माहीत. इथलं सांगतो, तत्त्व सगळीकडे एकच. आपल्याकडे संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यावा लागतो. कित्येक मंडळांत हा दिलेलाच नसतो. कागदावर सेक्रेटरी म्हणून असा माणूस असतो जो वारून दहा वर्षं झाली. मग एक दिवस बँक सही जुळत नाही म्हणते, आणि शाळेचा हॉल मिळवायला करार हवा तर करार करायला कुणी हयात नसतो. क्लब मरतात ते खेळाडू नाहीत म्हणून कमी, आणि असे जास्त.

म्हणून किल्ली घ्यायच्या आधी चार गोष्टी हातात घ्या: पासबुक, हॉलचा करार, विम्याची तारीख, आणि सही कुणाकुणाची चालते त्याची यादी. बाईंना राग येणार नाही. उलट इतकी वर्षं कुणी विचारलं नाही याचंच त्यांना वाईट वाटत असेल.

शेवंती | सोमवार, दुपारी १:५०

हिशेबनीस, शेवटचं वाक्य अगदी खरं.

बाय द वे, वरच्या सगळ्या इतिहासात बायका कुठे आहेत? की त्या फक्त दशम्याच करत होत्या?

गादीवाला | सोमवार, सायंकाळी ७:३०

आहेत, मीच सांगायला विसरलो. बुडोकवाईतल्या सारा मेयर १९३४ मध्ये एकट्या जपानला गेल्या, तिथे पुरुषांबरोबर सराव केला आणि १९३५ मध्ये काळा पट्टा मिळवला. जपानी नसलेली ती पहिली स्त्री मानतात. तिथून त्या कोइझुमींना पत्रं लिहीत, ती उपलब्ध आहेत.

जुना_पट्टा | सोमवार, रात्री ८:१५

आणि रस्टी कानोकोगी. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वायएमसीए स्पर्धेत केस कापून, छाती बांधून पुरुषांच्या संघातून उतरल्या आणि जिंकल्या. आयोजकांनी विचारलं, तू बाई आहेस का? हो म्हणाल्या, आणि पदक परत द्यावं लागलं. त्या रागातून त्यांनी जे केलं ते बघा: १९८० मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा न्यूयॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, स्वतः पुढाकार घेऊन भरवली. १९८८ ला सोलमध्ये महिला ज्युदो प्रदर्शनीय झाला, १९९२ ला बार्सिलोनात पदकांसह. हे सगळं कुणा पदाधिकाऱ्याच्या कृपेने नव्हे. ते पदक वायएमसीएने २००९ मध्ये परत दिलं, त्याच वर्षी त्या गेल्या.

बोलपूर_पॅसेंजर | मंगळवार, सकाळी १०:००

भारताचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे ज्युदो आणणारा माणूस खेळाडू नव्हता, कवी होता. रवींद्रनाथांनी १९०५ मध्येच सानो नावाच्या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात आणलं होतं. मग १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी आले, मोठे नाव. मुलांबरोबर मुलीही शिकत होत्या, आणि त्या काळात साडीतल्या मुलींनी माणूस उलथवणं म्हणजे काय ते कल्पना करा. पण विश्वभारतीला खर्च झेपेना. कलकत्त्याने ताकागाकींना ठेवून घ्यावं म्हणून गुरुदेवांनी खटपट केली, ती जमली नाही, आणि ताकागाकी गेले. रवींद्रनाथ पाठीशी असूनही पैशाअभावी वर्ग बंद पडतो, तिथे तुमच्या चर्चच्या हॉलचं भाडं इतकी वर्षं भरणाऱ्या बाई म्हणजे काय चीज असतील!

लाल_माती | मंगळवार, सकाळी १०:२०

+१. गुरुदेवांना एक हिशेबनीस मिळायला हवा होता.

पांढरी_काठी | बुधवार, रात्री १०:४५

मी दृष्टिहीन मुलांच्या वसतिगृहात काम करते. आमच्याकडे आठवड्यातून एकदा ज्युदो शिकवायला एक ताई येतात, बसचं तिकीट स्वतःचं.

दृष्टिहीनांच्या ज्युदोत फरक फारसा नाही. दोघांनी एकमेकांचा गी (ज्युदोचा ड्रेस) आधी पकडायचा, मग पंच सुरू म्हणतो. पकड सुटली की पुन्हा मधोमध आणून पकड देतात. बाकी सगळं तेच. आमची मुलं सांगतात, की रस्त्यावर लोक आम्हाला न विचारता हात धरून ओढतात, इथे मात्र धरणाऱ्याला आम्ही पाडू शकतो.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या कपिल परमारने ६० किलोत कांस्य घेतलं, पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. त्या रात्री आमच्या वसतिगृहात रेडिओवाल्या फोनभोवती जो गोंधळ झाला तो विचारू नका. पण मला इथे वेगळंच सांगायचंय. मुलांना गादीपर्यंत नेणं, चपला एका रांगेत ठेवायला लावणं (नाहीतर अडखळतात), गादीची कड पायाला कळावी म्हणून कडेने काथ्याची पट्टी टाकणं, हे सगळं आमचे रखवालदार मामा करतात. त्यांना ज्युदोतला एक शब्द येत नाही. 'इप्पोन'ला (लढत तिथेच जिंकून देणारा पूर्ण गुण) ते 'इपोन' म्हणतात आणि कोणाचाही झाला तरी टाळ्या वाजवतात.

शंकासुर | बुधवार, रात्री ११:१०

बरं. माझा खडा मी परत घेत नाही, पण खिशात ठेवतो. ताईंचा पत्ता नको, पण मुलांसाठी गाद्या हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गादीवाला | दोन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ११:५५

अपडेट. आत्ताच घरी आलो.

हिशेबनीसांची यादी घेऊन बाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "अखेर कुणीतरी विचारलं," आणि एक बिस्किटांचा डबा काढला. त्यात पासबुक, करार, विमा, आणि एक जाड वही. वहीत हजेरी नाही. त्यात कोणत्या मुलाला मांजराची ॲलर्जी आहे, कुणाचे वडील बेकार आहेत म्हणून फी मागायची नाही, कुठल्या गादीची शिवण उसवली आहे (क्रमांक १७ आणि ३१), आणि हॉलच्या केअरटेकरला नाताळात कोणती दारू आवडते, असलं सगळं. माझ्या लेकीच्या नावापुढे लिहिलंय: "वडील बसून असतात. विचारून बघावं."

किल्ली घेतली. एका अटीवर, की हिशेब दुसरा कुणीतरी बघेल. एक पंजाबी आई तयार झाली आहे, अकाउंटंट आहे. बाई म्हणाल्या, मी मंगळवारी येणारच, नुसती बसेन. आल्या आणि पाच मिनिटांत उठून गादी सरळ करायला लागल्या.

१७ नंबर उद्या शिवायचीय. @शेवंती, ती चपलावाल्या दादांची सुई कोणती होती?

शेवंती | शनिवार, सकाळी ६:४०

आरी. आणि मेण लावलेला दुपदरी दोरा. फोटो पाठवते.

लाल_माती | शनिवार, सकाळी ७:००

आणि खोरं लागलं तर सांगा, कुरिअर करतो.